जुन्या विषाणूंची आठवण आणि नवे मूत्रपिंड

घरातील कोणाचे मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले असेल, तर ‘रिजेक्शन’ हा शब्द आपल्या चांगलाच परिचयाचा असेल. शरीर परका अवयव ओळखते आणि त्याच्यावर हल्ला करते, असे आपल्याला सांगितले जाते. ते खरेच आहे. मात्र हल्ला करणाऱ्या काही पेशींचे मूळ वैर त्या अवयवाशी नसतेच. ते असते फार पूर्वी शरीरात शिरलेल्या एखाद्या विषाणूशी.

एप्स्टाईन-बार आणि सायटोमेगॅलो या विषाणूंचा संसर्ग आपल्यापैकी बहुतेकांना लहानपणीच, पुष्कळदा नकळत झालेला असतो. हे विषाणू शरीर सोडून जात नाहीत, सुप्त राहतात. त्यांच्यावर पहारा ठेवणाऱ्या टी-पेशीही आयुष्यभर टिकतात. त्यांना स्मृतिपेशी म्हणतात. सायटोमेगॅलोच्या बाबतीत तर वयाबरोबर त्यांची संख्या वाढतच जाते.

आता गफलत कोठे होते ते पाहा. आपल्या केंद्रक असलेल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर एचएलए नावाची प्रथिने असतात. पेशीत विषाणू शिरला की त्याचा एक तुकडा या प्रथिनावर मांडला जातो, आणि टी-पेशी ती जोडी पाहून शत्रू ओळखते. दात्याचे एचएलए वेगळे असते. त्याची ठेवण कधी कधी योगायोगाने रुग्णाच्या स्वतःच्या ‘एचएलए अधिक विषाणू’ या जोडीसारखी भासते. दात्याच्या अवयवात विषाणू नसतानाही पहारेकरी पेशी त्याच्यावर तुटून पडते.

ही निव्वळ कल्पना नव्हे. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथील संशोधकांनी १९९४ मध्ये दाखवले की, एचएलए-बी८ असलेल्या व्यक्तींमधील एप्स्टाईन-बारविरोधी काही टी-पेशी परक्या एचएलए-बी४४ वरही हल्ला करतात. ज्यांच्यात बी८ आणि बी४४ दोन्ही असतात, त्यांच्या शरीरात मात्र या घातक पेशी टिकत नाहीत. स्वकीयांवर उठणाऱ्या पेशी शरीर आधीच बाद करते. निसर्गाचा हा चोखपणा मला विलक्षण वाटतो.

स्मृतिपेशी नवख्या पेशींपेक्षा लवकर कामाला लागतात आणि त्यांना आवरणेही कठीण असते. स्वच्छ पिंजऱ्यात वाढलेल्या उंदरांना परकी त्वचा स्वीकारायला लावता येते. परंतु अनेक विषाणूंचा संसर्ग होऊन गेलेल्या उंदरांत तेच उपचार अपुरे पडतात, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन प्रयोगांत आढळले. आपण माणसे तर आयुष्यभर विषाणूंच्या सहवासातच राहतो. म्हणून घाबरून जाऊ नका. अशा पेशी रक्तात आहेत म्हणजे अवयव जाणारच, असे मुळीच नाही. नियमित औषधांनी त्यांना बहुधा आवर घालता येतो.

तरीही घरातील ताप किरकोळ समजू नये, तो यामुळेच. प्रत्यारोपणानंतर सायटोमेगॅलो पुन्हा डोके वर काढतो तेव्हा रिजेक्शनचा धोकाही वाढलेला आढळतो. डॉक्टर सुरुवातीचे काही महिने विषाणूविरोधी गोळी देतात. ती महाग आहे आणि रुग्णाला बरे वाटते आहे म्हणून मध्येच बंद करू नये. ताप, जुलाब, लघवी कमी होणे, पायांवर सूज, अचानक वाढलेले वजन यांपैकी काहीही दिसले, तर त्याच दिवशी प्रत्यारोपण केंद्राला कळवावे.

‘प्रतिकारशक्ती वाढवणारे’ म्हणून शेजारीपाजारी सुचवतात ते काढे, गुळवेलीचा रस, चूर्णे परस्पर देऊ नयेत. जी शक्ती आवरण्यासाठी रोजच्या गोळ्या चालू आहेत, तिलाच चेतवण्यात काय अर्थ? लस घ्यायची असेल तर आधी विचारावे. जिवंत विषाणूंच्या लसी या रुग्णांना सहसा देत नाहीत. आणि औषधाच्या दुकानातून परस्पर अँटिबायोटिक आणू नये. क्लॅरिथ्रोमायसिनने टॅक्रोलिमसची रक्तातील पातळी चढते, रिफाम्पिसिनने ती घसरते. म्हणून कोणत्याही नव्या डॉक्टरांकडे जाताना चालू औषधांची चिठ्ठी रुग्णाच्या खिशात असू द्यावी.