जुन्या मोटारीचें अंतरंग

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांतून निघालेली पद्मिनी २०२३ सालीं मुंबईच्या टॅक्सींतून निवृत्त झाली. आतां ती हौशी कुटुंबांच्याच पदरीं उरली आहे. तिच्या दुरुस्तींत यंत्राकडे व रंगाकडे सर्वांचें लक्ष जातें. दारांच्या आंतील आवरण मात्र उपेक्षित राहतें. लोक त्यास रेक्झीन म्हणतात. वस्तुतः तें बहुधा कापडावर चढविलेलें व्हिनाइल होय.

व्हिनाइल मुळांत कठीण असतें. तें मऊ राहावें म्हणून त्यांत तेलासारखें द्रव्य मिसळतात. उन्हानें तें द्रव्य हळूहळू उडून जातें आणि आवरण आकसून चिरतें. पुढील कांचेवर आंतून जमणाऱ्या चिकट थरांत याच द्रव्याचा अंश असतो. तेव्हां तडा गेल्यावर वरून तेल चोळणें व्यर्थ होय.

श्रोत्यांपैकीं ज्यांच्या घरीं अशी गाडी असेल त्यांनीं जुनें आवरण काढतांच फेकूं नये. शिवणी व हँडलांचीं छिद्रें यांचा तोच एकमेव नकाशा. माप मात्र मागच्या फळीवरून घ्यावें, कारण आवरण आकसलेलें असतें. फळीही पुष्कळदां खालून फुगलेली निघते. पावसाचें पाणी कांचेच्या फटींतून दारांत उतरतें. तें अडविणारा प्लॅस्टिकचा पडदा एखाद्या कारागिरानें केव्हांच फाडलेला असतो! तो पुन्हा न लावल्यास नवी फळीही तशीच फुगेल.

नवें व्हिनाइल चारी बाजूंस दोन बोटें अधिक कापून उन्हांत तापवावें. मऊ झालें कीं तें वळणावर नीट बसतें. चिकटद्रव्य दोन्ही पृष्ठांस लावून, तें बोटास चिकटेनासें झाल्यावरच जोडावें. घाई येथेंच होते, आणि मग फुगे येतात.