हप्ता नाही भरला, म्हणून हक्क गेला?

रोजगार हमीच्या विहिरीवर माती ढासळून मजूर जखमी झाला की पहिला प्रश्न ठरलेला: त्याचा विमा उतरवला होता का? नव्हता असं कळलं की विषय तिथेच मिटतो. ज्यांनी कायदा वाचलेला असायला हवा तेही कधी कधी त्याच सुरात सांगतात, ‘मग काही मिळायचं नाही.’ हे चूक आहे, आणि इतक्या ठामपणे सांगितलं जातं की चीड येते. ग्रामीण रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्याची दुसरी अनुसूची वाचा. तिच्यात हप्त्याची अट कुठेही नाही. कामामुळे आणि काम चालू असताना अपघात झाला तर उपचार मोफत. रुग्णालयात ठेवावं लागलं तर राहण्याची आणि औषधांची सोय राज्य सरकारने करायची, शिवाय मजुरीच्या निम्म्याहून कमी नाही इतका रोजचा भत्ता द्यायचा. मृत्यू झाला किंवा कायमचं अपंगत्व आलं तर सानुग्रह रक्कम. आईबरोबर कामावर आलेल्या मुलाला इजा झाली, तरी त्याचेही उपचार मोफतच.

मग विम्याचं खूळ आलं कुठून? मूळ अनुसूचीत सानुग्रह रक्कम २५,००० रुपये होती. पुढे ती केंद्राच्या विमा योजनेतल्या रकमेशी जोडली गेली आणि घोळ तिथे झाला. आकडा विम्याकडून घेतला, पैसे देण्याची जबाबदारी मात्र काम करवून घेणाऱ्या अंमलबजावणी यंत्रणेवरच राहिली, मग ती ग्रामपंचायत असो की वन विभाग. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना ही वेगळीच गोष्ट आहे. ती १८ ते ७० वयाच्या कोणत्याही खातेदारासाठी आहे, हप्ता वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख. तिचं वर्ष १ जूनला सुरू होतं आणि हप्ता बँक खात्यातून आपोआप कापला जातो. खात्यात शिल्लक नसेल तर कवच संपतं. मजुरी रखडलेल्या माणसाचं खातं ऐन उन्हाळ्यात रिकामं असणं काही नवल नाही. कायद्याने दिलेला हक्क अशा शिलकीवर अवलंबून ठेवायचा, हे कोणत्या तर्कात बसतं?

यावर म्हटलं जातं की सानुग्रह म्हणजे शेवटी सरकारची मर्जी. पण अनुसूचीने ती रक्कम देणं यंत्रणेच्या इच्छेवर सोडलेलं नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: कागदावर सगळं असतं, देतं कोण? खरं आहे, आणि म्हणूनच वाद चुकीच्या कागदावर घालू नये. अपघात कामावरच झाला हे सिद्ध करायला विमा पॉलिसी नाही, त्या दिवशीचा हजेरीपट लागतो. एकाच्या नावावर दुसऱ्याने काम करण्याची सोयीस्कर रीत इथे महागात पडते. जखमी होणाऱ्याचं नाव हजेरीपटावर नसतंच. आणि हा हक्क अपुरा आहे, हेही मान्य करायला हवं. तो कामावरच्या अपघातापुरता आहे. म्हातारपण, बाळंतपण, घरी आलेलं आजारपण त्यात बसत नाही.

बाकीचे समज थोडक्यात निकालात निघतात. जॉब कार्ड आहे म्हणजे पीएफ आणि ईएसआय आलेच, असं नाही. ईएसआयमध्ये मालक वेतनाच्या ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के भरतो, तशी कोणतीही कपात रोहयोच्या मजुरीतून होत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजना दवाखान्याचं बिल भागवते, बुडालेली मजुरी देत नाही. शिकाऊ उमेदवार कायद्याने कामगार नाही, म्हणून त्याला भरपाईही नाही, हे तर साफ खोटं: १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याच्या कलम १६ नुसार प्रशिक्षणात इजा झाली तर भरपाई मालकानेच द्यायची आहे. आणि डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला, त्यात हमीचे दिवस १०० चे १२५ झाले; दिवस वाढले म्हणून मजुराला पीएफ लागू होत नाही. त्या कायद्याखाली दावा करायचा तर त्याची अनुसूची आणि राज्याची योजना आधी वाचावी, गावातली चर्चा नंतर ऐकावी.