कोन, छर्रे आणि कुत्री

माझा धंदा मोटार वाइंडिंगचा. लातुरात दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरवरच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायच्या, बेअरिंग बदलायचे, हेच काम सव्वीस वर्षं चाललंय. मोटार टेबलावर आली की स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. बेअरिंग बोलतं. कोरडं पडलं की किरकिरतं, छर्रा फुटला की खडखडतं, घर सैल झालं की घोंघावतं. माझ्या कानावर माझा भरवसा आहे. म्हणून सायकलच्या मागच्या चाकानं आठ दिवस आधी दिलेला इशारा मला कळला नाही, याची लाज अजून वाटते.

सायकल माझी नव्हे, भाच्याची. अक्का नांदेडला दिलेली. तिचा पोरगा विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून बाहेर पडला, पुण्याला नोकरीला लागला, आणि त्याची माउंटन बाइक अक्काच्या गॅलरीत वाळवणाच्या चादरीखाली गेली. इकडं माझी साखर वाढली. डॉक्टर म्हणाले, चाला. मी म्हणालो, गुडघे दुखतात. भाचा फोनवर म्हणाला, "मामा, सायकल घेऊन जावा."

तर त्या सायकलवर एका रविवारी औसा ओलांडून निलंग्याच्या रस्त्यानं खरोशाकडं निघालो होतो. तिथं टेकडीत जुनी लेणी आहेत. मध्येच एक पांदण दिसली म्हणून आत घातली. आठवडाभर जोर लावला की मागं टक्क असा आवाज यायचा. मला वाटायचं चेन असेल. पांदणीतल्या एका चढावर तोच आवाज मोठ्यानं आला आणि चाक तिरपं होऊन फ्रेमला घासायला लागलं. उतरून बघतो तर एक्सल तुटलेला, आणि तोही बरोबर गिअरच्या बाजूला. शेतातनं एक पोरगा आला. "काय करलालाव मामा?" काय सांगणार? त्याच्या बापाच्या टेम्पोत, सोयाबीनच्या पोत्यांवर बसून सायकल औशापर्यंत आली.

घरी येऊन चाक उघडलं तेव्हा कोडं सुटलं. या सायकलीच्या मागच्या चाकाचा हब, म्हणजे मधला तुंबा, फ्रीव्हीलचा होता. म्हणजे हबच्या उजव्या अंगाला आटे असतात आणि गिअरच्या चकत्यांचा सगळा गठ्ठा त्यावर पिळून बसवतात. एक चकती असते तेव्हा हे चांगलं चालतं. आपल्या बापाच्या काळ्या सायकलीचं तसंच होतं. पण सात चकत्या आल्या की गठ्ठा रुंद होतो. बेअरिंग राहतं आत, तारा ओवायच्या फ्लॅन्जच्या जवळ, आणि तिथून फ्रेमपर्यंत चार-एक सेंटिमीटर एक्सल बिनआधाराचा लोंबतो. अंगणातल्या तुळईवर आधारापासून लांब ओझं टाकल्यावर जे होतं तेच इथं होतं. माझं वजन चौऱ्याऐंशी किलो. दहा मिलिमीटरचा तो दांडा रोज थोडा वाकत होता, थोडा थकत होता. तुटलेल्या तोंडाकडं नीट बघितलं तर अर्धा भाग काळपट, जुना, आणि अर्धा चकचकीत, ताजा. जुनी चीर आठवडाभर टक्कटक्क सांगत होती.

यावरचा उपाय जुनाच आहे. गिअरचा गठ्ठा नुसता कॅसेट म्हणून सरकवून बसवायचा आणि फिरण्याची कळ हबच्या अंगातच ठेवायची. जपानच्या शिमानोनं १९७८ साली हे फ्रीहब बाजारात रुळवलं. त्यांच्या रचनेत उजवं बेअरिंग पार बाहेरच्या टोकाला, फ्रेमला खेटून बसतं, म्हणून एक्सलवर ताण खूप कमी पडतो. ही कंपनी १९२१ साली साकाई गावात सुरू झाली ती फ्रीव्हील बनवण्यासाठीच. स्वतःच्या पहिल्या मालाला त्यांनी स्वतःच मागं टाकलं म्हणायचं.

ठरलं, फ्रीहबवाला हब घ्यायचा. गंजगोलाईच्या बाजारातल्या एका रस्त्यावर सायकलचं दुकान आहे, तिथं गेलो. मालकानं डबा काढला आणि म्हणाला, "बसतंय हो मामा, न्या." मी डबा तिथंच ठेवला, घरी आलो आणि व्हर्नियर घेऊन फ्रेमची मागची दोन टोकं मोजली. बसतंय म्हणणाऱ्या माणसाच्या भरवशावर मी कधी बेअरिंगही घेतलं नाही. आतलं अंतर १३५ मिलिमीटर भरलं. जुन्या धाटणीच्या बहुतेक माउंटन बाइकना हेच माप. नव्या महागड्या सायकलींना १४२ किंवा १४८ आणि १२ मिलिमीटरचा आरपार जाणारा एक्सल. ही मापं एकमेकांत चालत नाहीत. फ्रेम ताणून बसवणारे मिस्त्री आहेत, पण त्यांच्या नादी लागू नये.

मग तारांची भोकं. माझ्या रिमला ३२, म्हणजे हबलाही ३२च पाहिजेत. ३६चा हब स्वस्तात मिळाला तरी त्याचा उपयोग शून्य. ब्रेक डिस्कचा, सहा बोल्टांचा. काही हबवर डिस्क दातेरी खाच्यावर बसते, तसला घेतला तर डिस्कही नवी घ्यावी लागते. गिअर सातच ठेवायचे होते. आठ-नऊ गिअरच्या फ्रीहबवर सातची कॅसेट बसते, फक्त तिच्यामागं साडेचार मिलिमीटरची वायसर टाकावी लागते. ती न टाकता कॅसेट आवळली तर सगळा गठ्ठा सैल हलत राहतो, आणि माणूस गिअरच्या तारेला शिव्या देत बसतो.

भाच्याचं म्हणणं वेगळं होतं. तो म्हणाला, बहात्तर टप्प्यांचा घ्या. टप्पे म्हणजे काय, तर हबच्या आत दातेरी कडं असतं आणि स्प्रिंगवरची छोटी बोटं त्यात अडकतात. मिस्त्री लोक त्या बोटांना कुत्री म्हणतात, आणि नाव अगदी बरोबर आहे. पुढं पायडल मारलं की धरतात, थांबलं की नुसती कटकट भुंकत राहतात. कड्यावर छत्तीस टप्पे असतील तर पायडल जास्तीत जास्त दहा अंश रिकामं फिरतं, मग पकडतं. बहात्तर असतील तर पाच अंश, अठरा असतील तर वीस. माहूरच्या डोंगरात दगडांवरून अर्धं पायडल मागं-पुढं करत चढणाऱ्याला तो फरक पायाला कळतो. मी पांदणीतून जाणारा माणूस. मला पाच अंशांसाठी दुप्पट पैसे मोजायचे नव्हते.

खरं भांडण बेअरिंगवरून झालं. भाच्याच्या मते सीलबंद बेअरिंगचाच हब घ्यावा. त्याची बाजू मला मान्य आहे. ते बेअरिंग माझ्या धंद्यातलंच. आकडा वाचता आला की झालं. शेवटी ०० म्हणजे आतलं भोक १० मिलिमीटर, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७, आणि ०४ पासून पुढं पाचनं गुणायचं. मोटारीतलं ६२०३ काय किंवा सायकलच्या हबमधलं ६९०२ काय, भाषा एकच. खराब झालं की ठोकून काढायचं, नवं बसवायचं. घरात बसवताना दाब बाहेरच्या कड्यावरच द्यायचा. आतल्या कड्यावर दिला तर छर्ऱ्यांचे ठसे पट्टीवर उमटतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवशीच म्हातारं होतं. हे मी माझ्या पोरांना दुकानात रोज सांगतो.

तरीही मी कोन आणि सुट्या छर्ऱ्यांचाच हब घेतला. कोन म्हणजे एक्सलवर पिळून बसणारा निमुळता नट, तोच छर्रे वाटीत धरून ठेवतो. कारण साधं आहे. सीलबंद बेअरिंग लातुरात मिळतं, पण प्रत्येक हबच्या फ्रीहबमधलं वेगळं, कुठलं तरी बारीक मापाचं, ते मिळेलच असं नाही. कोन-छर्ऱ्यांना पाव इंची छर्रे लागतात, एका बाजूला नऊ. ते गोलाईतल्या कुठल्याही दुकानात मिळतात, पावसाळ्यात रात्री आठलाही. जो हब आपल्या गावात उघडता आणि मिटता येतो तोच घ्यायचा, हे माझं मत.

नव्या हबचा फ्लॅन्ज जुन्यापेक्षा मोठा निघाला, म्हणून तारांची लांबी बदलली. त्यातही गिअरच्या बाजूच्या तारा दुसऱ्या बाजूपेक्षा जराशा आखूड लागतात, नाहीतर रिम मधोमध येत नाही. हे काम मला येत नाही. हब आणि रिम घेऊन अहमदपूर, लोह्यावरून एसटीनं नांदेड गाठलं. वजिराबादच्या मागच्या गल्लीत एक चाचा आहेत, अक्काच्या ओळखीचे. त्यांचं सगळं आयुष्य काळ्या सायकलींत गेलं. पुढं ३२ तारा, मागं ४०, हे त्यांचं कुराण. माझं चाक बघून म्हणाले, "मागं बत्तीसच? माणूस बसणार आहे की मांजर?" मग हसत हसत तारा ओवायला घेतल्या. नांदेडहून निघणारी सचखंड एक्स्प्रेस अमृतसरला जाताना लुधियानाला थांबते आणि सायकलचा धंदा म्हणजे लुधियाना. त्यामुळं चाचांच्या मते नांदेडचं पंजाबशी नातं गुरुद्वाऱ्याइतकंच सायकलचंही आहे.

त्यांचे हात बघत बसलो होतो तेव्हा एक गोष्ट डोक्यात आली. बत्तीस तारा म्हणजे एका फ्लॅन्जला सोळा. आमच्या गंजगोलाईला, १९१७ साली बांधलेल्या त्या गोल बाजाराला, सोळाच रस्ते. मधे जगदंबेचं देऊळ, भोवती दुकानं आणि बाहेर सोळा वाटा. पण गोलाईचे रस्ते सरळ बाहेर पडतात, मागच्या चाकाच्या तारा तशा निघून चालत नाही. सरळ तार हबला फक्त धरून ठेवते, फिरवायला तिला अंगच नसतं. पायडलचा जोर रिमपर्यंत न्यायचा तर तार तिरपी निघावी लागते. चाचांनी प्रत्येक तार तीन तारांना ओलांडून नेली, मग निपल पिळून चाकाचा आऊट काढला. दीड तास लागला. चहा मलाच पाजला.

आता देखभाल. यात मी स्वतः शहाणपण करून आपटलो. पहिल्या पावसाळ्यानंतर हब उघडला, साफ केला आणि दुकानातलं जाड ग्रीस हाताला येईल तेवढं भरलं. छर्ऱ्यांत भरलं ते ठीक, पण कुत्र्यांतही भरलं. डिसेंबरातल्या एका थंड सकाळी पायडल मारतो तर पाय नुसता फिरतो, चाक जागेवर. ग्रीस गोठून कुत्री चिकटली होती, दात पकडायला उठेनात. कुत्र्यांना पातळ ग्रीस किंवा जाडसर तेल, तेही थोडंच. जाड ग्रीस फक्त छर्ऱ्यांना.

छर्ऱ्यांच्या ग्रीसला मात्र माउंटन बाइकच्या जन्मात मान आहे. कॅलिफोर्नियात सत्तरच्या दशकात पोरं जुन्या जड सायकली डोंगरावरून खाली सोडायची. ब्रेक मागच्या हबच्या पोटात असायचा. उतारावर तो इतका तापायचा की आतलं ग्रीस धूर होऊन निघून जायचं, आणि खाली आल्यावर हब उघडून पुन्हा भरावा लागायचा. ऑक्टोबर १९७६ मध्ये तिथं शर्यत सुरू झाली, तिला त्यांनी नावच दिलं रीपॅक, पुन्हा भरणी. तेव्हापासूनच मागचा हब असा कुरबुरत आलाय.

आपल्याकडं हब तेवढा तापत नाही, पण काळी माती पुरून उरते. ओली असताना चिकटते, वाळली की पिठासारखी होऊन सीलच्या फटीतून आत जाते. पाण्याचा जोराचा फवारा मारून धुतलं की ती आणखी आत ढकलली जाते आणि ग्रीस बाहेर. लातूरकरांना हे सांगायची गरज नाही. एप्रिल २०१६ मध्ये ज्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तिथं सायकल पाइपनं धुणारा माणूस गल्लीत तोंड कसा दाखवील? मी अर्धी बादली आणि एक चिंधी वापरतो. हबचं आयुष्य त्यानंच वाढलं असावं.

पावसाळा संपला की एकदा उघडायचं. पंधराचा पातळ पाना कोनावर, सतराचा नटावर. छर्रे डिझेलमध्ये धुऊन बघायचे. एकही डागाळला असेल तर नऊच्या नऊ नवे टाकायचे, जुन्यात नवा मिसळायचा नाही. कोनाच्या वाटेवर नखाला खड्डा लागला तर कोन बदलायचा. हबच्या आतल्या वाटीवर खड्डा लागला तर मात्र हब गेला समजा, कारण ती वाटी बदलत नाहीत. आवळताना माणूस सगळ्यात जास्त चुकतो. चाक आवळायचा क्विक रिलीजचा खटका दाबला की एक्सल किंचित आखडतो, म्हणून चाक हातात असताना कोनाला केसभर ढिलाई ठेवायची. सायकलवर चढवून खटका लावल्यावर ती ढिलाई नाहीशी झाली पाहिजे, आणि चाक नुसत्या व्हॉल्व्हच्या वजनानं खाली झुलून थांबलं पाहिजे.

यंदा दिवाळीला भाचा आला. चाक फिरवलं, कान लावला, काही बोलला नाही. तुटलेला जुना एक्सल मी दुकानातल्या टेबलावर ठेवलाय, पावत्यांवर वजन म्हणून. परवा एक शेतकरी मोटार घेऊन आला, तो उचलून बघितला आणि विचारलं, "ह्यो कंच्या मोटारीचा?"

म्हणालो, "चौऱ्याऐंशी किलोच्या."