कोंबडी खाऊन झाल्यावर येणारा अहवाल

रविवारी सकाळी भोसरी, चिंचवड वा चाकण येथे कोंबडीच्या दुकानापुढे रांग लागते. रांगेतला माणूस पक्षी डोळ्यांदेखत कापून घेतो आणि ताजा माल मिळाल्याच्या समाधानात घरी जातो. परंतु ताजेपणा आणि निर्धोकपणा या दोन निराळ्या गोष्टी होत. मांसात उरलेल्या औषधाला रंग नसतो, वास नसतो आणि शिजवल्याने ते सर्वस्वी नष्ट होतेच असेही नाही.

याच परिसरात, पिंपरीला, जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ साली स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. माणसे वाचविण्यासाठी हा उद्योग होता. त्याच सुमारास अमेरिकेत असे आढळले होते की, खाद्यात प्रतिजैविक मिसळल्यास कोंबडीचे वजन झपाट्याने वाढते. रोग नसतानाही औषध चारण्याची रीत पुढे जगभर पसरली. आपल्याकडे कोलिस्टिनसारख्या, इतर औषधे हरल्यावर वापरावयाच्या, प्रतिजैविकावर पशुपालनात बंदी आली ती २०१९ साली. दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट’ने त्या परिसरातील कोंबडीच्या मांसाचे ७० नमुने तपासून २०१४ साली निष्कर्ष जाहीर केले, तेव्हा ४० टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अवशेष निघाले होते. अवशेषांचे प्रमाण अल्प असेल. पण पक्ष्याला औषध चारले होते, याचा तो पुरावा असतो. आणि औषधांना न जुमानणारे जंतू अशा वापरातूनच पोसले जातात.

कायदा नाही असे नव्हे. जनावराला औषध दिल्यावर किती दिवस त्याचे मांस वर्ज्य, हे वेष्टनावर छापण्याचा नियम २०१२ मध्ये झाला. असा काळ प्रयोगाने ठरलेला नसेल, तर मांसासाठी तो किमान २८ दिवसांचा धरावयाचा. आता मांसासाठी वाढविलेली कोंबडी जगते जेमतेम सहा आठवडे! म्हणजे असे औषध दुसऱ्या आठवड्यानंतर दिले, तर नियमाप्रमाणे ती नेहमीच्या वयात विकताच येऊ नये. हा हिशेब कोण ठेवतो?

प्रयोगशाळेचे काम सूक्ष्म असते. पेनिसिलीनसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोमागे ५० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे दहा दहा टनांच्या दोन मालमोटारी भरून मांसात अवघा एक ग्रॅम. तरीही हे शोधता येते. मूत्रपिंडाचा तुकडा जंतू पेरलेल्या थरावर ठेवतात. तुकड्यात औषध असेल, तर त्याच्याभोवती जंतू वाढत नाहीत. ही चाचणी स्वस्त असते. तीत संशयित ठरलेला नमुनाच मग महागड्या यंत्राकडे जातो आणि नेमके औषध कोणते व किती, हे तेथे कळते.

आपल्याला हे जमत नाही म्हणावे, तर तसेही नाही. पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या देखरेखीखाली युरोपला जाणारी द्राक्षे कीटकनाशकांसाठी जहाजावर चढण्याआधी तपासली जातात. गिधाडे डायक्लोफेनॅकने मरतात हे उघड झाल्यावर मेलेल्या गुरांच्या यकृताचे शेकडो नमुने देशभर गोळा करून तपासण्यात आले. २००६ च्या बंदीचा परिणाम किती झाला, तेही पुढे अशाच तपासणीने मोजले गेले. परदेशी गिऱ्हाइकासाठी आणि गिधाडांसाठी जे झाले, ते योग्यच झाले. चाकणच्या कामगाराची पाळी मात्र अजून यावयाची आहे.

कारण त्याच्या वाट्याला येते ती दुकानातून नमुना उचलण्याची पद्धत. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने विश्लेषकाला अहवालासाठी चौदा दिवस दिले आहेत. डबाबंद मालाला ही मुदत चालेल. सकाळी कापलेली कोंबडी दुपारी ताटात असते. तपासणी व्हावयाची ती शेडवरून पक्ष्यांचा गट गाडीत भरण्यापूर्वीच. प्रत्येक गटातील दोनचार पक्ष्यांची मूत्रपिंडे, वर सांगितलेली स्वस्त चाचणी, आणि गटासोबत औषधांच्या नोंदीचा कागद, एवढ्याने प्रारंभ होऊ शकेल. तपासणीच्या दाखल्यावाचून सुटा भाग स्वीकारावयाचा नाही, ही शिस्त येथील मोटार कारखान्यांत कामगार रोज पाळतात. पिंपरी-चिंचवड महानगरपालिका आणि अन्न व औषध प्रशासन यांनी तोच दाखला कोंबडीच्या गाडीला मागावा.