बऱ्हाणपूरचे भूमिगत भंडारे

शत्रूला चुकवून निसटण्यासाठी खोदलेले एखादे गुप्त भुयार ज्याच्या पोटात असल्याचे सांगितले जात नाही, असा जुना किल्ला आपल्या देशात क्वचितच सापडेल. अशी बहुतेक भुयारे कोणी पाहिलेली नसतात. मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूरची भुयारे मात्र खरी आहेत, आणि ती पळून जाण्यासाठी नव्हे, तर पाण्यासाठी खोदलेली आहेत.

हे शहर तापीच्या काठीच वसलेले आहे. मग पाण्याची अडचण कसली, असा प्रश्न वाचकाला पडेल. परंतु नदीचे पात्र उंच काठाच्या बरेच खाली आहे आणि पावसाळ्यात तिचे पाणी गढूळ होते. त्यातच १६०१ साली असीरगड अकबराच्या हाती आल्यावर बऱ्हाणपूर हे मोगलांच्या दख्खनच्या मोहिमांचे मुख्य ठाणे बनले. सैन्य, जनावरे, दरबारी लवाजमा, विणकर आणि रंगारी या सर्वांची तहान भागवायची होती. शत्रूने नदीच्या पाण्यात विष कालवले तर काय, ही भीतीही होती, असे सांगतात.

जहांगीराच्या कारकिर्दीत अब्दुल रहीम खानखानान येथे सुभेदार होता. ज्याचे दोहे आजही पाठ केले जातात, तोच हा कवी रहीम. त्याच्या काळात, १६१५ च्या सुमारास, तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराने शहराच्या उत्तरेकडील भूमीची पाहणी करून ही योजना आखली, अशी परंपरा आहे. एकूण आठ भंडारे बांधले गेले, असे म्हणतात. भंडारा म्हणजे येथे पाण्याचा साठा. जेवणावळीशी त्याचा काही संबंध नाही. मूल भंडारा, चिंताहरण आणि कुंडी भंडारा ही त्यांतील प्रमुख नावे होत. कुंडी भंडाऱ्याला लोक ‘खुनी भंडारा’ म्हणतात. पाण्याची लालसर झाक हे त्याचे कारण असल्याचे सांगण्यात येते.

या योजनेचे मर्म समजण्यासाठी जमिनीच्या पोटात डोकावले पाहिजे. सातपुड्यावर पडणारा पाऊस पायथ्याशी साचलेल्या दगडगोट्यांच्या आणि वाळूच्या थरांत मुरतो आणि तेथून जमिनीखालून हळूहळू तापीकडे सरकतो. या भूजलाच्या पातळीला उतार असतो. जवळजवळ सपाट, किंचित उताराचा बोगदा शहराकडून डोंगराच्या दिशेने खोदत नेला, तर कोठेतरी तो या पातळीच्या खाली शिरतो आणि पाणी आपोआप त्यात पाझरू लागते. मोट नको, रहाट नको. केवळ गुरुत्वाकर्षणाच्या बळावर ते शहरापर्यंत वाहत येते. उतार अधिक झाला तर पाण्याने बोगद्याचा तळ खरवडला जाईल, कमी पडला तर गाळ साचेल. इराणात ही विद्या फार प्राचीन आहे. तेथील खोदकामगार दिव्यांच्या साहाय्याने बोगद्याची दिशा साधत, आणि हवा दूषित झाल्याची सूचनाही त्यांना त्याच दिव्याकडून मिळे.

बोगद्यातील माती वर काढण्यासाठी आणि आत हवा खेळण्यासाठी थोड्याथोड्या अंतरावर उभे कूप खोदावे लागतात. याच त्या कुंड्या. कुंडी भंडाऱ्यावर त्यांची संख्या शंभराहून अधिक आहे. लालबागच्या परिसरात गेल्यास त्यांचे गोल कठडे एका ओळीत दूरवर गेलेले दिसतात. इतक्या विहिरी इतक्या जवळजवळ कोणी कशाला खोदल्या, असे नवख्याला वाटते. पर्यटकांसाठी एका कुंडीत लिफ्टही बसविण्यात आली होती. सुमारे ८० फूट खाली पोहोचल्यावर वरचा प्रकाश एखाद्या नाण्याएवढा उरतो. पायाखाली स्वच्छ वाहते पाणी असते आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींवर पांढरट पुटे चढलेली दिसतात. खाली आलेले पाणी पूर्वी जाळी करंज नावाच्या हौदात गोळा होऊन मातीच्या नळांनी शहरात जात असे.

येथे एक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. खानखानान ज्याच्याशी दख्खनमध्ये झुंजत होता, त्या मलिक अंबरानेही साधारण याच काळात खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, भूमिगत नहरीने पाणी आणले. रणांगणावरील वैऱ्यांनी आपापल्या शहरांची तहान मात्र एकाच जातीच्या विद्येने भागवली.

भिंतींवरील पांढरी पुटे दिसायला मोहक असली, तरी तोच या बोगद्याचा एक रोग आहे. भूजलात विरघळलेला चुना, पाणी उघड्या हवेत येताच, थराथराने भिंतींवर बसत जातो आणि वाट अरुंद होते. पण चुना खरवडून काढता येतो. दुसरे संकट अधिक गंभीर आहे. हा बोगदा पाणी साठवत नाही. भूजलाची पातळी त्याच्या तळापेक्षा वर असेल तोवरच तो वाहतो. आज बऱ्हाणपूरचा परिसर केळीच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे, आणि केळीला पाणी फार लागते. कूपनलिका बोगद्याच्या कितीतरी खालून पाणी खेचू शकते. पातळी तळाखाली गेली, तर दगडी बांधकाम जसेच्या तसे शाबूत राहील आणि भंडारा कोरडा पडेल. २०२४ साली खुनी भंडाऱ्याचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या तात्पुरत्या यादीत झाला. वारशाच्या नियमांनी कठडे आणि कुंड्या राखता येतील. परंतु त्यांना पाणी पुरविणारी भूमी सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत पसरलेली असून ती असंख्य शेतकऱ्यांच्या मालकीची आहे.