एका गुणाची झुंज

‘खो!’ ही आरोळी आपल्या पांढुर्णा-सौंसर भागांतील कोणत्या घराला अपरिचित आहे? दोन खुंट, त्यांच्यामध्ये आळीपाळीने विरुद्ध दिशांस तोंडे करून बसलेले आठ गडी, आणि पाठलाग करणारा नववा! या खेळास मैदान व दमदार पाय यांवाचून दुसरे कांहीं लागत नाही. म्हणूनच तो गरिबांच्या मुलांचा खेळ मानला गेला. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ सालीं त्यास नियमांची चौकट दिली, आणि त्याच पुण्यांत २०२२ सालीं व्यावसायिक खेळाडूंच्या ‘अल्टिमेट खो-खो’ स्पर्धेचा पहिला अंतिम सामना रंगला.

रविवार, दिनांक ४ सप्टेंबर रोजीं शिवछत्रपती क्रीडासंकुलांत ओडिशा जगरनट्स व तेलुगू योद्धाज हे संघ समोरासमोर ठाकले. विजेत्यास १ कोटी रुपये, उपविजेत्यास ५० लाख. गडी हाताने टिपल्यास २ गुण, व अंग झोकून सूर मारीत टिपल्यास ३, असा तेथील नियम. एका डावांत मिळविलेली आघाडी पुढच्या डावांत विरघळून जाई. सामना अगदी संपत आला, तरी पारडे तेलुगू संघाकडेच झुकलेले होते. अशा वेळीं ओडिशाच्या सूरज लांडे याने आकाशीय सूर मारून गडी टिपला आणि ३ गुण पदरांत पाडले. निकाल लागला ४६-४५! अवघ्या एका गुणाने अजिंक्यपद ओडिशाकडे गेले.

तोच गुण निसटता व बरोबरी होती, तर? आपल्या नेहमीच्या खो-खोंत अशा वेळीं जादा डाव खेळवितात, आणि तोही बरोबरीत सुटल्यास लघुत्तम आक्रमणाने निकाल लावतात. अमेरिकेच्या बेसबॉल खेळांतही जादा डावांची अशीच रीत आहे. १९८१ सालीं पॉटकेट या गांवीं पवित्र शनिवारच्या रात्रीं नऊ डावांचा एक सामना सुरू झाला, तो बरोबरी सुटेना म्हणून लांबतच गेला. थंडी एवढी, की खेळाडूंनी मोडक्या बॅटी जाळून ऊब घेतली. पुनरुत्थानाच्या रविवारची पहाट उजाडूं लागली; चार वाजून गेले, ३२ डाव झाले, प्रेक्षक अवघे १९ उरले. तेव्हां वरिष्ठांच्या आज्ञेने खेळ थांबला. पुढे २३ जून रोजीं उभय संघ पुन्हा भेटले आणि ३३व्या डावांत पॉटकेटने रॉचेस्टरवर ३-२ असा विजय मिळविला. व्यावसायिक बेसबॉलमधील सर्वांत लांबलेला सामना तो हाच.

वाचकहो, या दोन सामन्यांत एक गोष्ट समान आहे. झुंज पराकोटीची झाली, तरी हरलेला प्रत्येक गडी आपल्या पायांनी घरीं गेला.

हे लिहितांना आमच्या डोळ्यांपुढे जाम नदीचे पात्र उभे राहते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं पात्रांतील पळसाच्या झेंड्यासाठी पांढुर्णा व सावरगांव यांच्यामध्ये गोटमार होते. त्या प्रथेमागील लोकांची श्रद्धा आम्ही जाणतो. तिचा उपहास करण्याचा आमचा मुळीच हेतु नाही. परंतु दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात आणि आजवर कित्येक मातांची मुले त्या दगडांनी हिरावून नेली आहेत. सायंकाळपर्यंत झेंडा कोणाच्याच हातीं लागला नाही, तर दोन्ही गांवें समेट करतात, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. जो समेट संध्याकाळीं होऊं शकतो, तो सकाळींच कां होऊं नये?

आईबापांनो, तरुणांच्या अंगांतील रग दाबून टाकतां येत नाही. तिला वाट द्यावी लागते. गांवच्या पटांगणावर दोन खुंट रोवा आणि शेजारच्या गांवास सामन्याचे आमंत्रण धाडा. एका गुणाने हरलेला मुलगा रात्रीं रुसून जेवला नाही, तरी चालेल. तो घरीं तर असेल!