तो आपला कोन लागस?

नंदुरबारहून एका वाचकांचं पत्र आलं आहे. 24 नोव्हेंबर 2025 ला धर्मेंद्र गेला, त्या रात्री त्यांचे वडील जेवले नाहीत. एरवी घरात काहीही घडो, ताटावरून न उठणारा हा माणूस. मुंबईला आयुष्यात दोनदा गेलेला, तेही दवाखान्याच्या कामासाठी. धर्मेंद्रला पडद्याबाहेर कधी पाहिलेलं नाही. वाढलेलं ताट तसंच राहिलं तेव्हा आई वैतागून म्हणाली, ‘‘तो आपला कोन लागस?’’ वाचकांचा प्रश्न तोच आहे, फक्त त्यांनी पुढे एक ओळ जोडली आहे : विज्ञानात याला काही नाव आहे का?

आहे, आणि योगायोग असा की त्याच सुमारास ते गाजत होतं. धर्मेंद्र जाण्याच्या सहा दिवस आधी केंब्रिज शब्दकोशाने 2025 चा शब्द म्हणून ‘पॅरासोशल’ निवडला. आपण ज्याला ओळखतो, पण जो आपल्याला ओळखत नाही, त्याच्याशी जडलेलं एकतर्फी नातं. टेलर स्विफ्टच्या साखरपुड्याने हरखलेले चाहते आणि एआय चॅटबॉटवर जीव लावून बसलेली माणसं, अशी उदाहरणं बातम्यांत होती. सूर असा की मोबाइलच्या पिढीला काहीतरी नवाच आजार झाला आहे. प्रत्यक्षात शब्द 1956 चा. धर्मेंद्रचा पहिला चित्रपट आला 1960 मध्ये. म्हणजे वडिलांचा हिरो पडद्यावर येण्याआधीच त्यांच्या दुःखाचं बारसं होऊन गेलं होतं.

ते बारसं केलं डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी, ‘सायकियाट्री’ नावाच्या नियतकालिकात. टीव्हीवरचा सूत्रसंचालक कॅमेऱ्यात बघून बोलतो, मध्येच थांबतो, जणू तुमचं उत्तर ऐकतो, हसतो आणि पुढे जातो. समोर बसलेला माणूस त्या मोकळ्या जागा भरत राहतो. असं महिनोन्महिने चाललं की ओळख होते, मग सवय, मग माया. त्यांच्या लेखातलं झकास उदाहरण म्हणजे रेडिओवरची ‘लोनसम गॅल’. ही बाई माइकसमोर एकटी बसून प्रत्येक श्रोत्याला ‘राजा’ म्हटल्यासारखं बोलायची. स्वतःचं नाव तिने गुप्त ठेवलं होतं आणि चारचौघांत यायचं तर मुखवटा घालून. चेहराच नसल्यामुळे ज्याने त्याने आपल्या मनातला चेहरा तिला लावला.

दोघांचा लेख वाचनीय आहे, पण माझा जीव त्यांच्या आधीच्या हेर्टा हेर्त्सोगवर आहे. व्हिएन्नाची ही पोरगी प्रबंधाच्या काळात पोलिओने आजारी पडली आणि उजवा हात अधू झाला. तरी तिने 1931 मध्ये तिथल्या रेडिओवर एक प्रयोग रचला. वेगवेगळ्या वयांच्या आणि धंद्यांच्या नऊ जणांनी एकच मजकूर वाचायचा, आणि श्रोत्यांनी नुसत्या आवाजावरून ओळखायचं, की हा माणूस केवढा, काय करत असेल, अंगकाठी कशी असेल. सुमारे 2,700 श्रोत्यांनी उत्तरं पाठवली. (इंग्लंडात टी. एच. पिअर यांनी बीबीसीवर असाच खेळ आधी केला होता, हे न सांगणं अन्याय होईल.) उत्तरं किती बरोबर आली हा माझ्या दृष्टीने दुय्यम भाग. माणसं हौसेने उत्तरं द्यायला बसली, हेच मोठं. एक अनोळखी आवाज, तोही मजकूर वाचणारा, आणि ऐकणाऱ्याने त्याला वय दिलं, पोट दिलं, नोकरी दिली. आवाजाचं सूत मिळालं की आपण अख्खं धोतर विणून मोकळे होतो.

पुढे हेर्टा अमेरिकेत गेली. 1941 मध्ये तिने न्यूयॉर्क परिसरातल्या 100 बायकांच्या मुलाखतींवरून एक निबंध लिहिला. दुपारच्या रेडिओ मालिका या बायका का ऐकतात? तेव्हाच्या विद्वानांचं उत्तर ठरलेलं होतं : रिकामटेकड्या आहेत म्हणून. हेर्टाने त्या बायकांनाच विचारलं. कुणाला मालिकेच्या निमित्ताने रडून मोकळं होता यायचं. कुणाला न मिळालेलं घर तिथे मिळायचं. आणि बऱ्याच जणी अशा होत्या की, प्रसंग आला तर कसं वागावं, काय बोलावं, हे त्या मालिकेतून शिकत होत्या. निबंधाच्या शीर्षकात तिने ‘उसना अनुभव’ असा शब्दप्रयोग केला. ‘एकतर्फी’पेक्षा हा मला कितीतरी नेमका वाटतो. मंगळावरून आलेल्या स्वारीच्या त्या सुप्रसिद्ध रेडिओ नाटकाने लोक का घाबरले, यावरच्या 1940 च्या पुस्तकातही तिचे कष्ट आहेत, मुखपृष्ठावर मोठं नाव मात्र हॅडली कॅन्ट्रिल यांचं. आज जाहिरातवाले ज्याला फोकस ग्रुप म्हणतात त्याचं श्रेय रॉबर्ट मर्टन यांना जातं आणि हेर्टा तळटीपेत सापडते. शंभराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, 2010 मध्ये, ती वारली.

बघा, एवढ्या विदुषीला मी कधीपासून ‘ती’ म्हणतोय. भेट नाही, पत्र नाही, तरी थेट एकेरी. या विषयाचं मोजमाप करायला मानसशास्त्रज्ञांनी मोठमोठ्या प्रश्नावल्या बनवल्या आहेत, पण मराठी माणसाकडे व्याकरणातच मोजपट्टी आहे. तलाठ्याला ‘अहो’, डॉक्टरांना ‘अहो’, व्याह्यांना तर दोनदा ‘अहो’. आणि ‘सचिन आउट झाला’, ‘अमिताभ म्हातारा दिसायला लागला’, ‘धर्मेंद्र गेला’. आई, विठोबा आणि हिरो, हे आपल्या एकेरीचे मानकरी.

एकेरी नको असेल तेव्हा आपण सरळ नातं लावतो. सुधीर फडके बाबूजी, पु. ल. भाई, माडगूळकर अण्णा, लताबाई दीदी, अशोक सराफ मामा. झी मराठीवर 2004 मध्ये ‘होम मिनिस्टर’ सुरू झाला आणि आदेश बांदेकर अख्ख्या महाराष्ट्राचे भावोजी झाले, घरोघरच्या बायका वहिनी. हॉर्टन-वोल यांना ज्यासाठी पानंच्या पानं लिहावी लागली ते या एका संबोधनाने झालं. भावोजी हे नातं किती हुशारीने निवडलं आहे तेही पाहा. दिराशी थट्टा चालते, चारचौघांत चालते, आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही. शिवाय हा भावोजी कॅमेऱ्यातून बाहेर पडून खरंच दारात यायचा आणि पैठणी देऊन जायचा. आज या घरी, उद्या त्या घरी, आणि बाकीच्या लाखो घरांत ‘आपल्याकडेही येईल’ एवढी आशा.

नातं लावलं की पत्रव्यवहार आला. 7 जुलै 1984 ला दूरदर्शनवर ‘हम लोग’ सुरू झाली. मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेली ही मालिका 156 भाग चालली. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार, म्हणजे दादामुनी (इथेही थोरला भाऊच), प्रेक्षकांकडे बघून चार शब्द बोलत. अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स या संवादशास्त्रज्ञांनी या मालिकेचा पिच्छा पुरवला. त्यांच्या हिशेबाने मालिकेच्या निमित्ताने चार लाखांहून जास्त पत्रं आली. कुणी सल्ला मागत होतं, कुणी देत होतं. मालिकेतल्या बडकीने लग्नाचा निर्णय कसा घ्यावा हे लोकांनी बडकीला कळवलं. ती काल्पनिक आहे हे त्यांना माहीत नव्हतं असं समजण्याचं कारण नाही. कीर्तनात सीतेसाठी डोळे पुसणाऱ्या बाईलाही कथा ठाऊकच असते.

पण टीव्ही, रेडिओ, फोटो यांतलं काहीच नसेल तर हे नातं जडेल का? याचं उत्तर न्यूयॉर्कमध्ये शोधायची गरज नाही. नवापूरची हद्द ओलांडली की पलीकडे सुरतेकडचा आदिवासी पट्टा लागतो. 1922 च्या अखेरीस तिथे सलाबाई नावाच्या देवीची लाट आली. अंगात येणाऱ्यांच्या तोंडून देवी हुकूम सोडायची : दारू सोडा, मांस सोडा, रोज आंघोळ करा, पारशी दारूवाल्यांच्या वाऱ्यालाही उभे राहू नका. आणि त्या हुकमांत हळूहळू गांधींचं नाव शिरलं. गांधी त्या वेळी येरवड्याच्या तुरुंगात होते, आणि या गावांतल्या बहुतेकांनी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. तरी वार्ता पसरल्या की कोळीकिडे आपल्या जाळ्यात गांधींचं नाव विणतात. गांधी, म्हणे, तुरुंगातून निसटले आहेत आणि विहिरीत सलाबाईशेजारी बसून चरखा चालवताना दिसतात. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी 1987 च्या आपल्या ग्रंथात या आठवणी जपून ठेवल्या आहेत. मला ती विहीर डोळ्यांसमोरून हलत नाही. कडेला वाकून बघणारी माणसं, खाली हलणारं पाणी, आणि त्यात दिसणारा चरखा. आपल्या हातातला पाच इंची चकाकता पडदा याहून फार वेगळं काय करतो?

फरक एकच, पण तो मोठा आहे. हॉर्टन-वोल यांचा प्रेक्षक खोलीत एकटा असतो. विहिरीवर गर्दी होती, आणि ती गर्दी परत गेल्यावर दारूचे गुत्ते ओस पडले. ज्याच्यावर माया तो लांब येरवड्यात होता, पण मायेचा व्यवहार शेजाऱ्याशेजाऱ्यांत होत होता. 1938 च्या सुमारास तळोदा तालुक्यातल्या मोरवडला संत गुलाम महाराजांच्या आरतीला आदिवासी हजारोंनी जमू लागले, तेव्हाचा रिवाज तर आपल्या एकेरीच्या नेमका उलटा होता : लहानथोर, बाईमाणूस, सगळ्यांनी एकमेकांना ‘आप’ म्हणायचं. साहेबसावकारांच्या तोंडून पिढ्यान्‌पिढ्या ‘अरे’ ऐकलेल्या माणसांनी महाराजांच्या पायाशी बसून एकमेकांना आदर वाटून घेतला. अशा नात्याला एकतर्फी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

विज्ञानातल्या अलीकडच्या बातम्यांकडे मात्र जरा डोळे बारीक करून बघावं. 2002 मध्ये मॅककचन, लँग आणि हौरन यांनी चाहतेपण मोजणारी प्रश्नावली बनवली. त्यात ‘लाडक्या ताऱ्याने बेकायदा काम सांगितलं तर कराल का?’ अशा अर्थाचंही एक वाक्य आहे. वर्तमानपत्रांनी लगेच त्याला ‘सिंड्रोम’ चिकटवला. 2021 मध्ये हंगेरीतल्या 1,763 प्रौढांचा अभ्यास आला आणि मथळे झळकले : ताऱ्यांचे चाहते बुद्धीने कमी! निबंध उघडून वाचला तर संबंध अगदी दुबळा, आणि कारण कोणतं व परिणाम कोणता हे त्यातून ठरत नाही, असं संशोधकच म्हणत होते. मथळा लिहिणाऱ्याची बुद्धी कुणी मोजली नाही.

त्यापेक्षा 2005 चा माकडांचा प्रयोग मला प्रामाणिक वाटतो. ड्यूक विद्यापीठात डीनर, खेरा आणि प्लॅट यांनी ऱ्हीसस माकडांना फळांचा रस आणि चित्रं यांत निवड दिली. टोळीतल्या वरच्या दर्जाच्या नराचा चेहरा बघायला मिळत असेल तर माकडं थोडा रस सोडायला तयार होती. खालच्या दर्जाच्या माकडाकडे बघायला उलट त्यांनाच जादा रस द्यावा लागे. बड्यांकडे टक लावून बघणं फुकटचं नाही, त्याची किंमत मोजावी वाटते, एवढंच यातून कळतं. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत लाखालाखाचे घोडे बघत धुळीत दिवसभर फिरणाऱ्यांतले किती जण घोडा घेऊन परततात?

रडण्याचं म्हणाल, तर हैफा विद्यापीठातले जोनाथन कोहेन यांनी 2004 मध्ये विचारलं की, आवडतं पात्र टीव्हीवरून कायमचं गेलं तर काय होईल? लोकांनी जे सांगितलं ते खऱ्या ताटातुटीसारखंच होतं, फक्त मात्रा सौम्य. खऱ्या नात्यात जे हळवे, ते इथेही हळवे. म्हणजे मायेची विहीर एकच, पोहरे दोन.

आपल्याकडे ‘मानलेला भाऊ’ म्हणतात, तेही रक्ताचं नातं नाही. पण मानलेल्या भावाला भाऊबीजेला यावं लागतं, ओवाळणी टाकावी लागते, भाचीच्या लग्नात हळदीच्या दिवसापासून राबावं लागतं. धर्मेंद्रने यातलं काही केलं नाही. चॅटबॉट ओवाळणी टाकत नाही, पण रात्री दोनला विचारलं तरी ‘बोल’ म्हणतो, आणि त्याचे महिन्याला पैसे घेणारी कंपनी असते. 2025 च्या शब्दात खरोखर नवं काही असेल तर ते एवढंच.

वाचकांना मी उलट एक प्रश्न कळवला होता : वडिलांना विचारा, ‘शोले’ कुठे पाहिला? उत्तर आलं ते असं. सुरतेला. पॅसेंजरने तिघं गेले होते, घरी न सांगता. तिकिटं एकाने काढली. त्याचे पैसे अजून द्यायचे आहेत, असं वडील म्हणाले, आणि तो आता नाही.